ड्यूक परत आला, चौकट नाही

२१ ऑगस्ट १९६१ रोजी लंडनच्या नॅशनल गॅलरीतून गोयाने रंगवलेलं ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं चित्र नाहीसं झालं. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, पॅरिसच्या लूव्रमधून मोनालिसा पळवली गेली होती. वर्तमानपत्रांना आयतंच खाद्य मिळालं. चित्र गॅलरीच्या भिंतीवर लागून तीन आठवडेही झाले नव्हते. एका अमेरिकन धनिकाने ते एक लाख चाळीस हजार पौंडांना घेतलं होतं. देशाचा ठेवा देशाबाहेर जाऊ नये म्हणून वुल्फसन फाउंडेशनने एक लाख आणि सरकारने चाळीस हजार पौंड मोजून ते राखलं होतं. तेच नेमकं चोरीला गेलं. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘डॉ. नो’ या पहिल्या जेम्स बाँडपटात खलनायकाच्या दिवाणखान्यात हे चित्र दिसतं, आणि बाँड क्षणभर थबकून त्याच्याकडे बघतो. ब्रिटिश प्रेक्षकांना तो विनोद समजावून सांगावा लागला नाही.

मग खंडणीची पत्रं यायला लागली. मागणी मोठी चमत्कारिक होती: एक लाख चाळीस हजार पौंड धर्मादाय कामाला द्या, त्यातून गरिबांना टीव्हीचा परवाना काढून देता येईल. कोणी दाद दिली नाही. १९६५ साली ‘डेली मिरर’कडे सामानघराची एक पावती पोचली. बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनवर त्या पावतीवर चित्र सापडलं. चौकट मात्र नव्हती. काही आठवड्यांनी केम्प्टन बंटन नावाचा न्यूकॅसलचा एक साठीतला गृहस्थ स्वतःहून पोलिसांपुढे हजर झाला. हा पूर्वी बस चालवायचा. टीव्हीच्या परवान्याचे पैसे भरायला नकार दिल्याबद्दल तुरुंगाची हवाही खाऊन आलेला होता. म्हाताऱ्याकोताऱ्यांना टीव्ही फुकट पाहता यावा, हा त्याचा ध्यास.

नोव्हेंबर १९६५मध्ये ओल्ड बेलीत खटला उभा राहिला. बंटनचे वकील जेरेमी हचिन्सन यांनी त्याचा प्रामाणिकपणा, गरिबी, तळमळ हे सगळं ज्यूरीपुढे मांडलंच, पण खरा डाव वेगळ्याच मुद्द्यावर टाकला. या माणसाला चित्र स्वतःकडे ठेवायचं होतं का? नव्हतं. विकायचं होतं का? तेही नाही. पैसे मिळोत न मिळोत, चित्र परत करायचंच होतं, आणि त्याने केलंही. त्या वेळच्या इंग्लिश कायद्यानुसार मालकाची वस्तू कायमची हिरावून घेण्याचा इरादा असल्याशिवाय चोरी होत नव्हती. ज्यूरीने बंटनला चित्राच्या चोरीतून मोकळं केलं. चौकटीच्या चोरीबद्दल मात्र दोषी ठरवलं, कारण ती परत आलीच नव्हती. शिक्षा तीन महिने. एक लाख चाळीस हजारांचं चित्र चार वर्षं दडवून ठेवणं चोरी नाही, शंभरेक पौंडांची लाकडी चौकट हरवणं चोरी!

या कथेला एक शेपूट आहे. २०१२ साली जुनी सरकारी कागदपत्रं खुली झाली, तेव्हा कळलं की बंटनच्या मुलाने १९६९मध्येच पोलिसांना सांगितलं होतं की चित्र आपण उचललं. त्याच्यावर खटला भरला गेला नाही. म्हणजे ज्या माणसाच्या मनातला इरादा ज्यूरीने इतका बारकाईने चाचपला, त्याने ते चित्र भिंतीवरून उतरवलं नसण्याचीच शक्यता जास्त.

खटल्यानंतर तीन वर्षांनी, १९६८मध्ये, इंग्लंडमध्ये ‘थेफ्ट ॲक्ट’ आला. त्यात अकरावं कलम आहे ते सरळसरळ या प्रकरणातून आलेलं. लोकांसाठी खुल्या असलेल्या इमारतीत मांडून ठेवलेली वस्तू परवानगीशिवाय हलवली, तर परत करण्याचा इरादा असला तरी तो गुन्हा. मात्र त्या गुन्ह्याला ‘चोरी’ म्हटलेलं नाही. चोरीची मूळ व्याख्या पहिल्या कलमात आहे आणि ती एका वाक्याची आहे: दुसऱ्याच्या मालकीची मालमत्ता, ती त्याच्यापासून कायमची हिरावून घेण्याच्या इराद्याने, अप्रामाणिकपणे आपलीशी करणं. या वाक्याचे पाच तुकडे पडतात. मालमत्ता, दुसऱ्याची मालकी आणि आपलीशी करणं हे तीन बाहेरचे. अप्रामाणिकपणा आणि कायमचा इरादा हे दोन आतले, म्हणजे मनातले. वकिलांच्या लॅटिनमध्ये यांना ‘मेन्स रिया’ म्हणतात.

बाहेरचे तीन तुकडे न्यायालयांनी इतके ताणले की सगळा भार आतल्या दोनांवर येऊन पडला. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर उतरलेल्या एका इटालियन विद्यार्थ्याची गोष्ट घ्या. त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं. टॅक्सीवाल्याला त्याने पत्त्याचा कागद दाखवला, एक पौंड दिला. भाडं व्हायला हवं होतं साधारण साडेदहा शिलिंग, म्हणजे अर्ध्या पौंडाहून जरा जास्त. टॅक्सीवाला म्हणाला, एवढ्यात भागणार नाही. विद्यार्थ्याने पाकीट उघडून पुढे धरलं आणि टॅक्सीवाल्याने त्यातून आणखी सहा पौंड काढून घेतले. पाकीट स्वतः उघडून धरलं म्हणजे संमतीच झाली, हा बचाव १९७१मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, फेटाळला. पुढे २०००मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्स त्याही पुढे गेलं. एका बाईने कमी बुद्धीच्या, भोळ्या माणसाकडून रोज तीनशे पौंड काढून घेत घेत साठ हजार पौंडांपर्यंत मजल मारली होती. तो म्हणे राजीखुशीने भेट देत होता. कायद्याने पूर्ण वैध अशी भेट स्वीकारणंसुद्धा ‘आपलीशी करणं’ होऊ शकतं, असं लॉर्ड्सनी ठरवलं. आता हाच न्याय सुपरमार्केटला लावला, तर फळीवरून साबण उचलून टोपलीत टाकणारं प्रत्येक गिऱ्हाईक चोरीची बाहेरची बाजू पुरी करतंच. पैसे देणार असलेली बाई आणि कोटाच्या आतल्या खिशात साबण सरकवायच्या बेतात असलेली बाई यांचे हात एकसारखेच हलतात. फरक उरतो तो मनातला.

म्हणून मन कसं तपासायचं हा प्रश्न इंग्लिश न्यायाधीशांना सुटत नाही.

आधी तो ‘कायमचा’ इरादा. १९६८चा कायदा करणाऱ्यांनी ही अट शोधून काढली नाही, ती जुनीच होती आणि १९१६च्या कायद्यातही होती. जुन्या काळी बारा पेन्सांहून जास्त किमतीची चोरी म्हणजे फाशी. ज्यूरीतले लोक दया येऊन चांगल्या वस्तूची किंमत मुद्दाम दहा-अकरा पेन्स लावायचे. ब्लॅकस्टोनसारख्या कायदेपंडितानेही या पुण्यवान खोटेपणाची नोंद केली आहे. शिक्षा इतकी भयानक असताना उसनवारी आणि चोरी यांच्यात जाड रेघ ओढणं समजण्यासारखं होतं. पण फाशी गेली आणि रेघ तशीच राहिली. मोटारी आल्या तेव्हा तिचा पोकळपणा उघडा पडला. तरुण पोरं दुसऱ्याची मोटार काढायची, रात्रभर उंडारायची आणि कुठेतरी सोडून द्यायची. ही चोरी नव्हे. म्हणून १९३०मध्ये वाहतूक कायद्यात वेगळा गुन्हा घालावा लागला. तोच आता १९६८च्या कायद्याच्या बाराव्या कलमात आहे. ब्रिटिश पोलिसांच्या बोलीत याला ‘ट्वॉकिंग’ म्हणतात आणि अशा पोरांना ‘ट्वॉकर’. सायकलीसाठी त्याच कलमात निराळं, हलक्या शिक्षेचं पोटकलम आहे. एका अटीपायी किती ठिगळं लावायची!

सगळ्यात मोठं ठिगळ म्हणजे सहावं कलम. वस्तू परत करायची असली तरी माणूस तिच्याशी स्वतःची असल्यासारखा, मालकाच्या हक्कांना न जुमानता वागायच्या बेतात असेल, तर कायमचा इरादा धरला जाईल, असं ते सांगतं. उसनी वस्तू इतका काळ आणि अशा परिस्थितीत ठेवली की जवळजवळ घेऊनच टाकली, तरीही तेच. वाक्यरचना अशी पेचदार आहे की ती वाचून कायद्याचे प्राध्यापकही कपाळाला हात लावतात. खटले पाहिले की अर्थ जरा उकलतो. बार्किंगच्या ओडियन चित्रपटगृहातला प्रोजेक्टर चालवणारा एकजण नव्या चित्रपटांची रिळं काही तासांसाठी गुपचूप बाहेर द्यायचा. साथीदार त्यांच्या चोरट्या व्हिडिओ प्रती काढायचे आणि पुढच्या खेळाच्या आत रिळं जागेवर यायची. १९८५मध्ये अपील न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. रिळं आली तशीच परत गेली, त्यांचा कस काही कमी झाला नाही, पडद्यावर ती तशीच दिसत राहिली, मग कायमचं हिरावलं काय? निर्मात्याच्या खिशाला खार लागला, हा मुद्दा वेगळा आणि तो स्वामित्वहक्काच्या कायद्याचा. उलट, एकाने आपल्या मैत्रिणीच्या सरकारी घराचे मोडके दरवाजे बदलायला त्याच कौन्सिलच्या दुसऱ्या घराचे दरवाजे काढून आणून बसवले. दरवाजे कौन्सिलचेच होते आणि कौन्सिलच्याच मालमत्तेत राहिले. तरी न्यायालय म्हणालं, तू ते स्वतःचे असल्यासारखे वापरलेस, चोरी झाली. मोटार पळवून मालकाकडेच पाचशे पौंड मागणारेही २००८मध्ये याच कलमाखाली अडकले. म्हणजे वस्तू तिच्याच मालकाला विकायला निघालेला आता सुटत नाही.

पैशाचं तर आणखी गमतीदार. एका कंपनीच्या व्यवस्थापकाने तिजोरीतून १,०५० पौंड घेऊन मित्राला दिले आणि सोमवारी परत ठेवायचा बेत केला. न्यायालय म्हणालं, परत येणार ती रक्कम, त्याच नोटा नव्हेत. मग त्या नोटांपासून कंपनीला कायमचं वंचित करायचंच होतं की! तर्क सरळ आहे आणि कोणाही व्यवहारी माणसाला हसू आणणारा आहे. नोटेच्या नंबरावर कोणाचा जीव जडलेला असतो? पण त्यामुळे पैशाच्या खटल्यांत कायमच्या इराद्याचा प्रश्नच निकालात निघतो आणि सगळी लढाई अप्रामाणिकपणाच्या मैदानात जाते.

तिकडे जाण्याआधी जरा आपल्याकडे पाहू, कारण हीच कोंडी एका इंग्रजाने आपल्यासाठी फार आधी सोडवून ठेवली होती. मेकॉलेच्या आयोगाने १८३७मध्ये मसुदा तयार केलेली आणि १८६०मध्ये संमत झालेली भारतीय दंड संहिता. तिच्या कलम ३७८मध्ये कायमच्या इराद्याची अटच नाही. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीविना, अप्रामाणिक हेतूने हलवली की चोरी. अप्रामाणिक म्हणजे काय हे ज्यूरीच्या मर्जीवर सोडलेलं नाही. कोणाला गैरलाभ किंवा कोणाला गैरहानी पोचवण्याचा इरादा, अशी पक्की व्याख्या आहे. कलमाखाली दिलेल्या उदाहरणांत एक असं आहे की ते बंटनचा खटला समोर ठेवून लिहिल्यासारखं वाटतं: मालकाकडून पैसे मिळेपर्यंत ठेवून घ्यायची आणि मग परत द्यायची, या हेतूने वस्तू नेली, तर ती चोरीच. शंभर वर्षं आधी! आणि लगेच पुढचं उदाहरण मित्राच्या घरातून वाचायला पुस्तक उचलणाऱ्याचं. मित्राची संमती गृहीतच आहे असं त्याला वाटत असेल, तर चोरी नाही. १९५२च्या मे महिन्यात जोधपूरच्या हवाई दलाच्या अकादमीतले दोन कॅडेट हार्वर्ड विमान घेऊन पाकिस्तानात उतरले. त्यातल्या एकाला आदल्याच दिवशी अकादमीतून काढून टाकलं होतं. विमान कायमचं ठेवायचा त्यांचा विचार नव्हता, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात आला. १९५७मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की तात्पुरता गैरवापर हाही गैरलाभ आहे आणि सरकारची तेवढ्यापुरती हानी हीही हानीच. इंग्लंडमध्ये हेच दोघं चोर ठरले असते का याबद्दल मला शंका आहे. १ जुलै २०२४पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता लागू झाली, चोरी कलम ३०३मध्ये गेली, पण गाभा मेकॉलेचाच आहे.

इंग्लिश व्याख्येतला इरादा आणखी एका ठिकाणी अडखळला, तेही सांगून टाकतो. लंडनच्या एका सिनेमागृहात साध्या वेशातली पोलीस बाई बसली होती. जवळ तिने हँडबॅग ठेवली होती आणि बॅगेला बांधलेला काळा दोरा तिच्या मनगटाला होता. मागच्या रांगेतल्या माणसाने बॅग उचलली, दोरा तुटला. त्याने आत चाचपलं, किरकोळ सामानापलीकडे काही नव्हतं, म्हणून बॅग तशीच ठेवून दिली. १९७१मध्ये अपील न्यायालयाने त्याला सोडलं. त्या बॅगेतली किंवा बॅगेसकट कुठलीच वस्तू त्याला कायमची न्यायची नव्हती. ‘काही चांगलं सापडलं तर घेईन’ असा सशर्त इरादा पुरत नाही. दशकभर खिसेकापूंच्या वकिलांनी हा निकाल वापरला. शेवटी १९८१मध्ये चोरीच्या प्रयत्नाचा कायदा बदलून ती फट बुजवली.

आता अप्रामाणिकपणा. कायद्याच्या दुसऱ्या कलमात अप्रामाणिकपणा म्हणजे काय हे सांगितलेलंच नाही. काय नव्हे, एवढंच आहे, आणि तेही तीन प्रसंगांपुरतं. वस्तू घेण्याचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे असं वाटत असेल, मालकाला कळलं असतं तर त्याने हो म्हटलं असतं असं वाटत असेल, किंवा रास्त खटपट करूनही मालक सापडणार नाही असं वाटत असेल, तर तो माणूस अप्रामाणिक नाही. इथे ‘वाटणं’ महत्त्वाचं आहे. ते शहाणपणाचं असलंच पाहिजे अशी अट नाही, खरं असलं म्हणजे झालं. येणे असलेल्या सात पौंडांसाठी भांडताना खाली पडलेली पाच पौंडांची नोट उचलणाऱ्याची शिक्षा १९७७मध्ये रद्द झाली. पैसे आपलेच आहेत, अशी त्याची खरी समजूत होती ना? मग वसुलीची रीत चुकीची असली तरी चोरी नाही. १९८७च्या एका खटल्यातल्या मोटारीला आठवडा-दोन आठवडे कोणी हात लावला नव्हता आणि किल्ल्या आतच होत्या. ती टाकून दिलेली आहे अशी नेणाऱ्याची समजूत होती. ती मूर्खपणाची असली तरी प्रामाणिक असू शकते, असं न्यायालय म्हणालं. या कलमाचं शेवटचं पोटकलम मात्र श्रीमंतांना टोचणारं आहे. किंमत मोजायची तयारी असली तरी माणूस अप्रामाणिक ठरू शकतो. शेजाऱ्याच्या दारातली दुधाची बाटली घेऊन तिथे पैसे ठेवले, तर बहुधा कोणी काही म्हणणार नाही. पण त्याला विकायचंच नसलेलं त्याच्या आजीचं तैलचित्र उतरवून भिंतीखाली दुप्पट पैसे ठेवले, तर गोष्ट वेगळी.

या तीन प्रसंगांच्या बाहेर अप्रामाणिकपणाचा प्रश्न ज्यूरीकडे जातो. १९७३मध्ये अपील न्यायालयाने हे ठरवलं ते पैजा घेणाऱ्या एका फर्मच्या शाखाव्यवस्थापकाच्या प्रकरणात. फर्मने सगळ्यांना पत्रक काढून बजावलं होतं की गल्ल्यातून उसने घेणं बंद. तरी या गृहस्थाने तीस पौंड घेतले. त्याचंच फर्मकडे सत्तरएक पौंडांचं येणं होतं, त्यातून वळते करता येतील असा त्याचा हिशेब. खालच्या न्यायाधीशाने ज्यूरीला सांगितलं की हे अप्रामाणिकच. अपील न्यायालय म्हणालं, हे ठरवायचा अधिकार न्यायाधीशाचा नाही. ज्यूरीने आजच्या सर्वसाधारण सभ्य माणसांच्या मोजमापाने ते ठरवावं. चिठ्ठी टाकून गल्ल्यातून पैसे उचलणारा नोकर काही कायदेपंडितांसाठीच राखून ठेवलेलं कोडं नाही. हे मला पटतं.

पण सभ्य माणसांचं मोजमाप लावताना आरोपीचं स्वतःचं मोजमाप कुठे बसवायचं? १९८२मध्ये एका भारतीय वंशाच्या शल्यचिकित्सकाचं, डॉ. घोष यांचं, प्रकरण आलं. ते एका रुग्णालयात बदली सल्लागार होते आणि स्वतः न केलेल्या किंवा सरकारी आरोग्यसेवेतून झालेल्या शस्त्रक्रियांचे पैसे त्यांनी मागितले होते. आरोप चोरीचा नव्हता, फसवून पैसे मिळवण्याचा होता, पण अप्रामाणिकपणाची अट तीच. मुख्य न्यायाधीश लॉर्ड लेन यांनी दोन पायऱ्यांची कसोटी घालून दिली. आधी पाहा, सर्वसाधारण लोकांच्या दृष्टीने हे कृत्य अप्रामाणिक आहे का. असेल, तर पुढे पाहा, लोकांना ते तसं वाटेल हे आरोपीला उमगलं होतं का. दुसरी पायरी कशाला, यासाठी त्यांनी एक माणूस कल्पिला: जिथे सार्वजनिक वाहनं फुकट असतात अशा देशातून तो आला आहे आणि इंग्लंडमध्ये पहिल्याच दिवशी तिकीट न काढता बसमध्ये चढला आहे. त्याला चोर म्हणायचं का? रॉबिन हूडसारख्याला मात्र दुसऱ्या पायरीनेही वाचवायचं नाही, कारण श्रीमंतांना लुटणं त्याला पुण्य वाटत असलं तरी लोक त्याला चोरीच म्हणतात हे त्याला पक्कं ठाऊक असतं. डॉ. घोष यांची शिक्षा कायम राहिली, कसोटी पस्तीस वर्षं टिकली आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांनी ती पाठ केली.

टीका होत राहिलीच. ज्याला लाजच नाही, ज्याच्या धंद्यात सगळेच तसं करतात, त्याला लोक काय म्हणतील हे उमगतच नाही. मग तो जितका निर्ढावलेला तितका सुटायला मोकळा. दुसऱ्या पायरीला आव्हान मिळालं ते शेवटी एका जुगाऱ्याकडून, आणि तेही फौजदारी खटल्यात नाही.

ऑगस्ट २०१२मध्ये फिल इव्ही हा जगप्रसिद्ध व्यावसायिक जुगारी लंडनच्या मेफेअरमधल्या क्रॉकफर्ड्स क्लबात पुंटो बॅंको हा पत्त्यांचा जुगार खेळायला बसला. सोबत चुंग यिन सन ही निष्णात खेळाडू होती. या खेळात पहिलं पान काय येणार हे आधी कळलं, तर एरवी जुगारघराकडे असलेलं पारडं खेळाडूकडे झुकतं. पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी दोन्ही लांब कडांवर नेमकी सारखी कापलेली नसते. एका कडेला ठिपका पुरा येतो, दुसरीकडे अर्धवट. ओळखायला हवी असलेली मोठी पानं, सात, आठ, नऊ, उलटी फिरवून ठेवली, तर पाठीकडूनच ती कळतात. पण पत्त्यांना हात लावायचा अधिकार खेळाडूला नसतो. मग बाईंनी पानं वाटणाऱ्या मुलीला अंधश्रद्धेचं निमित्त सांगितलं. हे पान शुभ, ते अशुभ, शुभ पान जरा फिरवून ठेव. अशा श्रद्धाळू जुगाऱ्यांची सवय असल्याने तिने ते केलं. पानं यंत्रात पिसली जात होती आणि यंत्र पानं फिरवत नाही. इव्हीने विनंती केली की हाच संच चालू ठेवा, आपल्याला यश देतोय. दोन दिवसांत ७७ लाख पौंड जिंकले. क्लबने डाव ओळखला, ठेवीचे पैसे परत केले आणि जिंकलेली रक्कम द्यायला नकार दिला. इव्हीने दावा लावला.

त्याने काही लपवलं नाही. हे असं असं केलं, हा आपल्या कौशल्याचा भाग आहे, जुगारघराने डोळे उघडे ठेवायला हवे होते. तो हे मनापासून मानतो, यावर न्यायालयाचाही विश्वास बसला. २०१७मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ही फसवणूकच होती, कारण पानं फिरवायला लावून त्याने नशिबाच्या खेळात हात घातला. आणि मग लॉर्ड ह्यूज यांनी, खरं तर गरज नसताना, घोष कसोटीची दुसरी पायरीच मोडून काढली. आधी आरोपीच्या मनात प्रत्यक्ष काय होतं ते पाहा, म्हणजे त्याला काय ठाऊक होतं, परिस्थितीबद्दल काय वाटत होतं. ते पक्कं झालं की सर्वसाधारण सभ्य माणसांचं मोजमाप लावा आणि थांबा. त्याला स्वतःला ते अप्रामाणिक वाटत होतं का, हा प्रश्न विचारायचा नाही. फुकट बसच्या देशातला माणूस यातही सुटतो. बस फुकट आहे अशीच त्याची समजूत आहे, आणि ती समजूत असलेल्या माणसाला कोणता सभ्य माणूस लबाड म्हणेल? लॉर्ड लेन यांना ज्या उदाहरणाची काळजी होती, त्यासाठी दुसऱ्या पायरीची गरज मुळात नव्हतीच. हा युक्तिवाद इतका साधा आहे की पस्तीस वर्षं न्यायालयांनी तो का उचलला नाही, याचंच नवल वाटतं.

तांत्रिकदृष्ट्या हे मत दिवाणी दाव्यात, मुद्द्याबाहेर व्यक्त झालेलं होतं. फौजदारी न्यायालयांनी ते पाळायचं की नाही यावर काही काळ कीस काढला गेला. २०२०मध्ये पाच न्यायाधीशांच्या अपील न्यायालयाने पाळायचं असं ठरवलं. त्या प्रकरणात वृद्धाश्रमाच्या मालकाने एकाकी, श्रीमंत म्हाताऱ्यांचा विश्वास मिळवून त्यांच्याकडून भेटी, मृत्युपत्रं, सगळं काढून घेतलं होतं. त्याच्या धंद्याच्या मोजमापाने ते चालण्यासारखं होतं का, हा प्रश्न आता उरला नाही.

काहींना हा बदल कडक वाटतो. नव्या देशात आलेला, निराळ्या रीतीत वाढलेला माणूस ‘सर्वसाधारण सभ्य’ इंग्रजाच्या मोजमापाखाली भरडला जाईल, अशी भीती त्यांना वाटते. ती अगदीच निराधार नाही. पण दुसरं कलम शाबूत आहे, आणि खऱ्या गैरसमजाला अजूनही तिथे आसरा मिळतो. मिळत नाही तो ‘माझ्या मते यात काही गैर नाही’ या बचावाला.

‘सर्वसाधारण सभ्य माणूस’ कोण, याची व्याख्या मात्र संसदेने केलेली नाही आणि न्यायालयांनीही. क्राउन कोर्टात बारा ज्यूरर बंद खोलीत ते ठरवतात आणि कारणं देत नाहीत. इंग्लंडमधले चोरीचे बहुसंख्य खटले तर तिथपर्यंत पोचतच नाहीत. दुकानातून चॉकलेट, मांस, ब्लेडची पाकिटं उचलल्याचे खटले मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहतात. तिथे बहुधा तीन बिनपगारी, कायद्याची पदवी नसलेले नागरिक बसलेले असतात, शेजारी सल्ला द्यायला कायदा जाणणारा अधिकारी असतो, आणि तेच एका सकाळी अशा कित्येक मनांचा निवाडा करतात.